फुत्कारणारे झुरळ: नर कोणता, मादी कोणती?

मादागास्करचे फुत्कारणारे झुरळ पाळायला घेणाऱ्या नवख्या माणसाची बहुधा पहिली चूक होते ती नर-मादी ओळखण्यात. कारण आपल्या मोरीतल्या झुरळासारखे पंख या जातीत दोघांनाही नसतात आणि ५ ते ७.५ सेंटिमीटर लांबीचे ते तुकतुकीत तपकिरी देह वरवर पाहता सारखेच दिसतात.

डोके झाकणारे छातीचे कवच आधी पाहावे. पूर्ण वाढलेल्या नराच्या कवचावर शिंगांसारखे दोन ठळक उंचवटे असतात, मादीचे मात्र बसके असतात. तरीही केवळ शिंगांवर विसंबू नये, कारण लहान नराला ती अजून आलेली नसतात आणि तो हमखास मादी म्हणून खपतो. मोठ्या झुरळांच्या बाबतीत शंका उरली, तर भिंग घेऊन मिशा पाहाव्यात: नराच्या केसाळ असतात, मादीच्या जवळजवळ गुळगुळीत. पिल्लू असेल, तर ते अलगद उताणे करून पोटाची शेवटची पट्टी पाहावी. मादीची पट्टी रुंद आणि मोठी असते, नराची अरुंद.

फुत्कार मात्र दोघेही करतात. रातकिड्यासारखे पंख घासून नव्हे, तर पोटाच्या बाजूच्या श्वसनरंध्रांतून हवा जोराने बाहेर ढकलून हा आवाज निघतो. हातात घेताच फुस्स झाले म्हणून तो नर ठरत नाही. डिवचल्यावर मादीही फुत्कारते. झुंजीचा आणि मादीला रिझवण्याचा फुत्कार तेवढा फक्त नराचा. झुंजीत नर शिंगांनी एकमेकांना रेटतात. म्हणून एकापेक्षा अधिक नर ठेवायचे, तर ऐसपैस पेटी आणि लपायला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे हवेतच.

मादीच्या बाबतीत चूक झाली, तर ती अधिक महागात पडते असे मला वाटते. ती अंड्यांची पिशवी सुमारे दोन महिने पोटातच वागवते आणि मग जिवंत पिल्लांनाच जन्म देते. एका वेळी वीस ते साठ. आणताना तिचे मीलन आधीच झालेले असू शकते, त्यामुळे एकटी मादी ठेवली तरी निर्धास्त राहता येत नाही. पिल्ले नको असतील त्याने नरच ठेवावेत. मादी असेल, तर पेटीच्या काठाला आतून पेट्रोलियम जेलीचा रुंद पट्टा लावावा, कारण नुकतीच जन्मलेली पिल्लेही काचेवर सरसर चढतात.