आपत्तीवरील दूरचित्रवाणी मालिका : ऐतिहासिक अचूकता आणि पात्रनिवड

खरोखर घडलेला अपघात, आग, वायुगळती, पूर किंवा भूकंप यांवर बेतलेली आणि नटांकरवी सादर केलेली मालिका. माहितीपटात साक्षीदार स्वतः बोलतो. इथे त्याच्या जागी नट बोलतो आणि त्याच्या तोंडचे बहुतेक संवाद कुणी ऐकलेले किंवा नोंदवलेले नसतात. म्हणून अचूकतेचा प्रश्न या प्रकारात सतत उभा राहतो. मेलेल्यांचे नातेवाईक, वाचलेले लोक आणि दोषी ठरलेले अधिकारी अनेकदा हयात असतात, आणि पुढच्या पिढीला ती घटना बहुधा मालिकेतूनच कळते.

या प्रकारातले सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण म्हणजे २०१९ ची ‘चेर्नोबिल’ ही पाच भागांची मालिका. सोव्हिएत युक्रेनमधील चेर्नोबिल अणुवीजकेंद्रात २६ एप्रिल १९८६ च्या रात्री अणुभट्टी फुटली, त्यावर ती बेतलेली आहे. लेखक क्रेग मेझिन, दिग्दर्शक योहान रेन्क. निर्मिती अमेरिकेची एचबीओ आणि ब्रिटनची स्काय या वाहिन्यांची. तिला अमेरिकी दूरचित्रवाणीचे दहा एमी पुरस्कार मिळाले. वस्तू, जागा आणि पोशाख यांबाबत ती अतिशय काटेकोर आहे. घटनांचा क्रम, अपघाताचे कारण आणि दोष कुणाचा या बाबतींत मात्र ती बरीच सैल आहे. पडद्यावरचा टेलिफोन, भिंतीवरचा कागद, परिचारिकेची टोपी हे सारे खरे दिसले की प्रेक्षक संवादही खरेच मानतो. आपत्तीवरच्या मालिकांची मुख्य अडचण हीच आहे.

जागा आणि वस्तू

चित्रीकरण मुख्यतः लिथुआनियात झाले. वीजकेंद्राचे कर्मचारी राहत त्या प्रिप्यात शहरासाठी राजधानी विल्नियसमधील फाबियोनिश्केस ही सोव्हिएत काळातली वसाहत वापरली. वीजकेंद्रासाठी बंद पडलेले इग्नालिना अणुवीजकेंद्र मिळाले. तिथल्या अणुभट्ट्या चेर्नोबिलच्याच आरबीएमके या सोव्हिएत बनावटीच्या जातीच्या, फक्त क्षमतेने मोठ्या. दुसरी आणि शेवटची भट्टी २००९ च्या अखेरीस बंद झाली. अपघाताच्या मुळाशी असलेला दोष, म्हणजे भट्टीची शक्ती आवरणाऱ्या नियंत्रक कांड्या आत सोडताना सुरुवातीच्या काही सेकंदांत शक्ती घटण्याऐवजी वाढणे, १९८३ मध्ये याच इग्नालिनाची पहिली भट्टी सुरू करताना लक्षात आला होता. मालिकेत याचा उल्लेख नाही.

छोट्या तांत्रिक गोष्टीही नीट तपासलेल्या आहेत. ‘३.६ रॉन्टजेन’ (रॉन्टजेन हे किरणोत्सार मोजण्याचे एकक) हा वारंवार येणारा आकडा खरा आहे. पाळीवर उपलब्ध असलेली मापक उपकरणे सेकंदाला १,००० मायक्रोरॉन्टजेनपर्यंतच मोजू शकत; तासाला ते ३.६ रॉन्टजेन होतात. काटा टोकाला जाऊन अडकला, तेच मोजमाप समजून वर कळवले गेले आणि प्रत्यक्ष पातळी त्याच्या हजारो पट असल्याचे उशिरा कळले. भट्टीतून उडून छतावर पडलेला किरणोत्सारी ग्राफाइट माणसांकडून हटवण्याचा प्रसंगही वास्तवाशी जुळतो. पश्चिम जर्मनीहून आणलेला यंत्रमानव निकामी झाला, आणि जवानांना शिशाचे पत्रे बांधून वर पाठवले गेले. मालिकेत प्रत्येकाला ९० सेकंद दिले आहेत. प्रत्यक्षात ही वेळ जागेनुसार कमीजास्त होई, कारण ती त्या ठिकाणच्या पातळीवरून आणि माणसाला झेपेल अशा ठरलेल्या मात्रेवरून काढली जात होती.

काळाचा संकोच

महिन्यांचा पट काही तासांत बसवायचा म्हणजे घटना जवळ आणाव्या लागतात. ही तडजोड टळत नाही. पाहायचे एवढेच, की जागा बदलल्यावर घटनेचा अर्थ बदलतो का. मालिकेत अपघातानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच एक हेलिकॉप्टर भट्टीवरच्या धुरात शिरून कोसळते. प्रत्यक्षात ती दुर्घटना २ ऑक्टोबर १९८६ ची. एमआय-८ हेलिकॉप्टरचे पाते क्रेनच्या दोरखंडाला लागले आणि चौघे दगावले. मालिकेतही पाते दोरखंडाला लागताना दिसते, पण धुरात शिरू नका अशी धमकीवजा सूचना त्याआधीच ऐकवलेली असल्याने किरणोत्सारानेच हेलिकॉप्टर पाडले असा बहुतेकांचा समज होतो. दृश्यातला एकही तुकडा खोटा नाही, तरी कारण खोटे पोचते.

मालिकेचे नायक, अपघाताच्या चौकशीतले प्रमुख शास्त्रज्ञ वालेरी लेगासोव यांचा मृत्यूही असाच हलवला आहे. मालिकेत ते अपघाताच्या दुसऱ्या स्मरणदिनी, स्फोटाच्याच मिनिटाला, एकट्याच्या घरात गळफास घेतात. प्रत्यक्षात मृत्यूची तारीख २७ एप्रिल १९८८ आणि ते कुटुंबवत्सल गृहस्थ होते. बायको-मुले काढून टाकल्याने नायक एकाकी होतो, पण त्यांच्या घरच्यांनी सोसलेले सगळे त्यासोबत पुसले जाते.

सर्वांत मोठा बदल खटल्यात आहे. जुलै १९८७ मध्ये चेर्नोबिल गावात सहा जणांवर खटला चालला. मालिकेत तीनच आरोपी दिसतात. मालिकेतल्या न्यायालयात लाल-निळ्या पाट्या लावून भट्टी समजावून सांगणारे लेगासोव प्रत्यक्षात त्या खटल्याला हजर नव्हते, सरकारी आयोगाचे प्रमुख बोरिस श्चेर्बिनाही नव्हते. लेगासोव यांचे सविस्तर निवेदन ऑगस्ट १९८६ मध्ये व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेसमोर झाले आणि त्यात भर होता चालकांच्या चुकांवर. पाट्यांचा प्रसंग शिकवण्याच्या दृष्टीने उत्तम आहे. अणुभट्टीचा तोल इतक्या सोप्या रीतीने सामान्य प्रेक्षकाला क्वचितच कुणी समजावला असेल. पण सत्तेसमोर न्यायालयात उभे राहून सत्य सांगणारा शास्त्रज्ञ त्या खटल्यात नव्हता, आणि तो नसणे हाच त्या व्यवस्थेचा खरा इतिहास आहे.

दोष कुणाच्या माथी

नाट्याला खलनायक लागतो. मालिकेत तो उपमुख्य अभियंता अनातोली द्यात्लोव आहे : शिव्या देणारा, कागद फेकणारा, हाताखालच्यांना नोकरीची धमकी देणारा. पॉल रिटर यांनी तो इतका प्रभावी केला आहे की खरा द्यात्लोव कसा होता हे विचारायचेही कुणाला सुचत नाही. तो कडक होता हे सहकारी सांगत. तो उतावीळ आणि बेफिकीर होता, हे मात्र वादग्रस्त आहे.

त्या रात्री भट्टीची शक्ती उतरवून एक सुरक्षाचाचणी करायची होती. रात्रीचा क्रम असा. २५ एप्रिलला दुपारी शक्ती कमी करणे कीव्हच्या वीजवितरण नियंत्रकाच्या सांगण्यावरून थांबवले गेले. ते रात्री ११.१० ला पुन्हा सुरू झाले. मध्यरात्री पाळी बदलली. १२.२८ च्या सुमारास औष्णिक शक्ती ३० मेगावॉटपर्यंत घसरली आणि मोठ्या कष्टाने २०० वर आणली गेली; चाचणी ७०० ला करायची होती. १.२३.०४ ला चाचणी सुरू झाली, १.२३.४० ला सर्व कांड्या आत सोडून भट्टी बंद करणारी एझेड-५ ही आणीबाणीची कळ दाबली गेली आणि काही सेकंदांत भट्टी फुटली.

मालिकेत शक्ती भडकते, घबराट उडते आणि म्हणून कळ दाबली जाते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सल्लागार गटाने १९९२ मध्ये आपला १९८६ चा अहवाल दुरुस्त केला. कळ दाबण्याआधी यंत्रणेच्या नोंदींत धोक्याचा इशारा आढळत नाही, ७०० मेगावॉटखाली भट्टी चालवण्यास तेव्हाच्या नियमांत मनाई नव्हती आणि रचनेतल्या दोषांचा वाटा आधी मानला त्याहून खूप मोठा होता, असे त्यात आले. मालिका रचनादोष सांगते, पण मुख्यतः शेवटच्या भागात आणि शब्दांत. प्रेक्षकाने डोळ्यांनी पाहिलेला द्यात्लोव त्याआधीच गुन्हेगार ठरलेला असतो. कारणमीमांसा संवादात आणि दोष अभिनयात ठेवला, तर लक्षात अभिनयच राहतो.

विज्ञानाच्या चुका वेगळ्या मोजाव्या लागतात, कारण त्यांचा त्रास जिवंत माणसांना होतो. वितळलेले इंधन खालच्या टाकीतल्या पाण्याला भिडले तर दोन ते चार मेगाटनांचा स्फोट होईल, हे विधान भौतिकशास्त्रात बसत नाही. वाफेच्या स्फोटात तेवढी ऊर्जा नसते. अग्निशामक वासिली इग्नातेन्कोच्या पत्नीच्या पोटातल्या बाळाने आईच्या वाट्याचा किरणोत्सार शोषून घेतला, हेही अशक्य आहे. गर्भ आईची ढाल होऊ शकत नाही. कपडे काढून, अंग धुऊन आत घेतलेला रुग्ण शेजारच्यासाठी तितका घातक उरत नाही. मालिकेत तो संसर्गजन्य वाटतो. चेर्नोबिलहून हलवलेल्या लोकांना वर्षानुवर्षे याच समजुतीपायी दूर ठेवले गेले, म्हणून ही चूक तारखेच्या चुकीपेक्षा गंभीर मानली पाहिजे.

पात्रनिवड

पहिला निर्णय असतो पात्र खरे घ्यायचे की अनेकांचे मिळून एक करायचे. एमिली वॉटसन यांनी साकारलेली उलाना खोम्युक ही मिन्स्कची शास्त्रज्ञ काल्पनिक आहे. लेगासोव यांना साहाय्य करणाऱ्या अनेक शास्त्रज्ञांची ती प्रतिनिधी, असे मालिका शेवटी लिहून सांगते. सोव्हिएत विज्ञान आणि वैद्यकात स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, म्हणून हे पात्र स्त्री करणे योग्यच होते. गडबड होते ती एकाच पात्रावर फार कामे लादल्याने. खोम्युक किरणोत्सार शोधते, स्फोटाचे गणित मांडते, रुग्णालयात जबान्या घेते, अटक सोसते आणि खटल्यालाही बसते. प्रत्यक्षात ही माहिती वेगवेगळ्या खात्यांत अडकून पडली होती आणि ती एकमेकांपर्यंत न पोचणे हे आपत्तीचे एक कारण होते. संमिश्र पात्र हा अडथळाच नाहीसा करते.

दुसरा निर्णय वयाचा. मध्यरात्रीच्या पाळीवर भट्टी चालवणारा अभियंता लिओनिद तोप्तुनोव २५ वर्षांचा होता, पाळीप्रमुख अलेक्सांद्र अकिमोव ३२ चा. चित्रीकरणाच्या वेळी अकिमोव झालेले सॅम ट्राउटन चाळिशी ओलांडलेले होते. लेगासोव १९८६ मध्ये ४९ वर्षांचे. त्यांची भूमिका करणारे जॅरेड हॅरिस त्यांच्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. मोठ्या पदावरच्या माणसाच्या बाबतीत एवढा फरक खपतो. नियंत्रण कक्षात मात्र खपू नये, कारण इतक्या तरुण माणसांच्या हाती ती भट्टी होती हे कळणे हा घटनेचाच भाग आहे. श्चेर्बिना ६६ चे आणि ती भूमिका करणारे स्टेलान स्कार्सगार्ड जवळपास त्याच वयाचे. तिथे जोड बरोबर जमली.

तिसरा निर्णय बोलीचा. इंग्रजी मालिकेत रशियन माणसाने रशियन ढंगाचे इंग्रजी बोलायचे ही जुनी रीत. निवडचाचण्यांत तसे करून पाहिल्यावर नट भूमिका सोडून उच्चारच वठवत बसतात, असे मेझिन यांच्या लक्षात आले आणि नटांना आपापल्या स्वाभाविक बोलीत बोलू दिले. त्याने विनोदी छटा टळली. शिवाय भट्टीखाली बोगदा खणणाऱ्या खाणकामगारांना उत्तर ब्रिटनच्या धाटणीची आणि अधिकाऱ्यांना सुशिक्षित बोली मिळून सामाजिक थर आपोआप ऐकू आला. हा थर सोव्हिएत नसून ब्रिटिश आहे. इंग्रजी प्रेक्षकाला तो चटकन कळतो, आपल्याला कळेलच असे नाही.

सर्व पात्रे गोरी का, असाही आक्षेप घेतला गेला. युक्रेनमधील वीजकेंद्राच्या शहरासाठी तो फारसा टिकत नाही. पण सफाईसाठी आलेले जवान आणि कामगार सोव्हिएत संघाच्या सगळ्या प्रजासत्ताकांतून, कॉकेशस आणि मध्य आशियातूनही आणले गेले होते. ती विविधता पडद्यावर आणखी दिसायला हवी होती.

भारतातील उदाहरणे

भोपाळ वायुकांडावरची ‘द रेल्वे मेन’ ही चार भागांची हिंदी मालिका नोव्हेंबर २०२३ मध्ये आली. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री उपस्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी उभी असलेली गाडी वेळेआधी सोडली आणि जिवावर उदार होऊन लोकांना मदत केली. के. के. मेनन यांचे पात्र त्यांच्यावर बेतले आहे, पण नाव बदलून. नाव बदलले की पटकथेला मोकळीक मिळते आणि कायद्याचा धोका घटतो. ज्याने ते केले त्याचे श्रेय मात्र काल्पनिक माणसाकडे जाते. मदत गाडी आणणारा वरिष्ठ अधिकारी हे आर. माधवन यांचे पात्र मध्य रेल्वेचे दाखवले आहे. भोपाळ तेव्हा मध्य रेल्वेत होते आणि तिचे मुख्यालय मुंबईत व्ही.टी.ला, त्यामुळे हा तपशील बरोबर आहे. गाडीतल्या शीख प्रवाशांवर जमाव चालून जाण्याचा प्रसंग मात्र महिनाभर पुढे ढकलला आहे; इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची ती हिंसा नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसांतली.

युनियन कार्बाइडच्या दोषी ठरलेल्या दोन माजी अधिकाऱ्यांनी प्रदर्शन थांबवण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने स्थगिती नाकारली. त्याच वर्षी जानेवारीत ‘ट्रायल बाय फायर’ या मालिकेबाबत दिल्ली उच्च न्यायालयानेही तसेच केले होते. १३ जून १९९७ च्या दिल्लीतील उपहार चित्रपटगृहाच्या आगीत ५९ जण दगावले. मुले गमावलेल्या नीलम आणि शेखर कृष्णमूर्ती यांच्या पुस्तकावर ही मालिका आधारलेली, म्हणून त्यांची नावे खरीच ठेवली. नीलम यांची भूमिका औरंगाबादच्या राजश्री देशपांडे यांनी केली. शोक दोन दशके न्यायालयाच्या पायऱ्यांवर कसा मुरतो, हे त्यांनी हुंदक्यांविना दाखवले. पात्रनिवडीत चेहऱ्याच्या साम्यापेक्षा हा संयम महत्त्वाचा असतो.

पडताळणी आणि पाट्या

चांगल्या निर्मितीत चित्रीकरणापूर्वी पटकथेची टिपांसह प्रत तयार होते. प्रत्येक प्रसंगासमोर आधार लिहिला जातो : चौकशी अहवाल, न्यायालयीन कागद, मुलाखत, की निव्वळ कल्पना. वकील आणि बदनामीच्या दाव्यांचा विमा देणारे ती तपासतात. पण ही तपासणी दाव्याचा धोका पाहते, इतिहास नाही. ज्याच्या बाजूने दावा लावायला कुणी उरलेले नाही, त्याच्याबद्दलची चूक सहज निसटते; द्यात्लोव १९९५ मध्येच वारले होते. म्हणून विषयतज्ज्ञाला पटकथा आणि संकलित भाग अशी दोनदा दाखवावी. हेलिकॉप्टरसारखा गैरसमज कागदावर दिसत नाही, दृश्ये जोडल्यावर दिसतो.

सुरुवातीची ‘काही भाग काल्पनिक’ ही पाटी काही सेकंदांत सरते. शेवटच्या पाट्या लोक थांबून वाचतात आणि अंतिम सत्य मानतात. ‘चेर्नोबिल’च्या शेवटी टाकीचे पाणी सोडायला गेलेले तिघे रुग्णालयात दाखल झाल्यानंतर जगले, हे बरोबर सांगितले आहे, अनेक वर्षे ते मेल्याचीच कथा फिरत होती. पण प्रिप्यातजवळच्या रेल्वेपुलावरून आग पाहणाऱ्यांपैकी कुणीही वाचले नाही असे सांगितले जाते, ही वदंताही त्याच पाट्यांमध्ये आहे, आणि तिला पुरावा नाही. बळींचा आकडा मात्र जबाबदारीने दिला आहे : अधिकृत ३१, आणि अंदाज ४,००० पासून ९३,००० पर्यंत. मालिकेसोबत मेझिन यांनी प्रत्येक भागावर ध्वनिचर्चा प्रसारित केली आणि कुठे काय बदलले ते स्वतः सांगितले. भारतीय मालिकांनीही ही प्रथा उचलावी. त्याला खर्च फारसा नाही, आणि टिपांसह पटकथा तयार असेल तर ते काम अर्धे झालेलेच असते.