तोंडाचा कॅन्सर आणि गाठीभोवतीची माती

कोल्हापुरात टपरीवर सुपारी-तंबाखूचा मावा मळून घेणाऱ्या पोरांपैकी काहींना वर्षा-दोन वर्षांत मिसळ सोसेनाशी होते. कट जिभेला लागला की तोंडात आग. मग तोंड पुरतं उघडत नाही. स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये घालून बघा. जात नसतील तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

सुपारीतलं अ‍ॅरेकोलिन हे द्रव्य गालाच्या आतल्या फायब्रोब्लास्ट पेशींना चेतवतं आणि त्या कोलॅजनचे धागे बनवत सुटतात. सुपारीत तांबंही भरपूर असतं, त्याने हे धागे एकमेकांत घट्ट जखडतात. गाल पांढरट पडतो, आतून बोट फिरवलं की ताठ पट्टे लागतात. हा कॅन्सर नव्हे. पण ज्या जागेत तो उगवू शकतो, ती जागा बदललेली असते. मावा सोडला तरी हे पट्टे सहसा पुरते विरत नाहीत, म्हणून तपासणी चालूच ठेवावी लागते.

स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने 1889 साली स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या 735 स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी चाळल्या. रोग यकृतात वारंवार पसरलेला, प्लीहेत क्वचितच. तो म्हणाला, बी चहूकडे पडतं, पण रुजतं मानवेल त्याच मातीत.

गाठीत नुसत्या कॅन्सरपेशी नसतातच. आपल्याच फायब्रोब्लास्ट, रक्तवाहिन्या, रोगप्रतिकारक पेशीही तिथे राबवल्या जातात. नव्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या, गळक्या. त्यामुळे आत ऑक्सिजन कमी पडतो आणि औषधही सगळीकडे पोचत नाही. ऑक्सिजन नसेल तर रेडिएशनचा घावही हलका बसतो. स्वादुपिंडाच्या गाठीभोवती तर तंतूंची इतकी दाटी असते की केमोला आत शिरणंच कठीण.

रोगप्रतिकारक टी-पेशींना गाठ वेगळ्याच तऱ्हेने थोपवते: पीडी-एल१ हे प्रथिन पुढे करून. टी-पेशींवरचे असे अडसर काढण्याची वाट दाखवणाऱ्या अ‍ॅलिसन आणि होंजो यांना 2018 चं नोबेल मिळालं. अडसर काढणारं असं औषध आपल्याकडच्या बहुतेक घरांना परवडत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलने डोके-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरमध्ये निवोलुमॅब हे असंच एक औषध तीन आठवड्यांतून एकदा फक्त 20 मिलिग्रॅम, तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्यांच्या जोडीने दिलं. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांना 240 मिलिग्रॅमचा. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगलेले सुमारे 16 टक्के होते, या जोडीवर सुमारे 43 टक्के.