‘स्वायत्त’ म्हणजे नेमके कोण?

‘स्वायत्त’ हा शब्द आपण विद्यापीठाला लावतो, तसाच चालकाविना धावणाऱ्या गाडीलाही लावतो. विद्यापीठात माणसे आपला कारभार आपणच पाहतात, गाडीला माणूस लागतच नाही. ‘विकेंद्रित स्वायत्त संघटना’, म्हणजेच डाओ, या नावात मुळात गाडीचा अर्थ होता: नियम कोडमध्ये बसवायचे आणि कोडने ते आपोआप पाळायचे. लोकांनी मात्र त्यात स्वराज्य वाचले. पुढचे बरेच वाद या गफलतीतून निघाले.

बिटकॉइन २००९ पासून चालू होते, पण त्यात मतदानाच्या नियमांवर आपोआप चालणाऱ्या सामूहिक तिजोरीची सोय नव्हती. ती शक्यता २०१५ मध्ये इथेरियमने, म्हणजे कोडही चालवणाऱ्या ब्लॉकचेनने (अनेक संगणकांवर जपलेल्या नोंदींच्या साखळीने), खुली केली. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१६ च्या अखेरीस, ‘द डाओ’ नावाचा सामाईक निधी उघडला आणि काही आठवड्यांत त्यात सुमारे १५ कोटी डॉलरचे ईथर, म्हणजे इथेरियमचे चलन, जमले. पैसा कुठे गुंतवायचा हे टोकनधारक, म्हणजे ईथर देऊन त्याबदल्यात निधीचे टोकन घेतलेले लोक, मतदानाने ठरवणार होते.

१७ जून २०१६ रोजी तिजोरीला गळती लागली. पैसे काढून देणारा कोड आधी रक्कम पाठवत असे आणि नंतर खात्यातली शिल्लक कमी करत असे. या दोन पायऱ्यांच्या मधल्या क्षणी कोणीतरी पुन्हा मागणी केली, मग पुन्हा आणि पुन्हा; दर वेळी शिल्लक जशीच्या तशी दिसत राहिली. सुमारे ३६ लाख ईथर बाहेर गेले. पण नियमानुसार ते जवळपास चार आठवडे हलवता येणार नव्हते, म्हणून वादाला वेळ मिळाला.

एक बाजू म्हणे, कोडने परवानगी दिली म्हणजे ही चोरीच नव्हे. दुसरी म्हणे, हजारोंचे पैसे डोळ्यांदेखत जात असताना चुकीला कायदा कसे म्हणायचे? मला दुसरी बाजू पटते. पण साखळीतल्या नोंदी बदलून पैसे परत करायचे का, यावर कौल कसा घेतला गेला ते खटकते. ज्याच्याकडे जितके ईथर तितके त्याचे वजन, आणि एकूण ईथरपैकी अगदी थोडा हिस्सा मतदानात उतरला. त्याच्या आधारावर २० जुलैला इथेरियमची साखळी दुभंगली. नव्या साखळीवर टोकनधारकांना १०० टोकनमागे १ ईथर परत मिळाला. ज्यांना हे मान्य नव्हते त्यांनी जुनी साखळी चालू ठेवली. तीच इथेरियम क्लासिक.

दुभंगलेल्या साखळीबद्दल खूप लिहिले गेले. ज्याचा पैसा जास्त त्याचे मत जड, ही मतदानाची पद्धत मात्र पुढच्या अनेक डाओंनी मुकाट्याने उचलली. २०२१ मध्ये अमेरिकेतील वायोमिंग राज्याने डाओंना कायदेशीर ओळख दिली. एप्रिल २०२२ मध्ये एका प्रकल्पात कोणीतरी क्षणापुरते प्रचंड कर्ज काढून त्या पैशाच्या वजनावर मतांचे बहुमत मिळवले, आपलाच ठराव मंजूर केला, तिजोरी उपसली आणि त्याच व्यवहारात कर्ज फेडले. नुकसान १८ कोटी डॉलरच्या घरात गेले. प्रकल्पाच्या नियमांप्रमाणे ते मतदान वैध होते.