सौर एलईडी दिवे (बेळगाव सीमाभाग)

दिवसा सौर पॅनेलने बॅटरी भरायची आणि रात्री तिच्यावर एलईडी दिवे लावायचे, ही पद्धत विकसनशील देशांतील ज्या वस्त्यांत विजेची तार पोचलेली नाही, किंवा पोचूनही भरवशाची नाही, तेथे घासलेटच्या चिमणीची जागा घेत आली आहे. बेळगाव जिल्ह्यात तिचा खरा कस लागतो तो खानापूर तालुक्याच्या पश्चिमेस, जांबोटी-कणकुंबीच्या डोंगरपट्ट्यात आणि २०११ साली अभयारण्य घोषित झालेल्या भीमगडच्या जंगलातील मराठी वस्त्यांत. कारण तेथे तार न्यायची तर वनखात्याची परवानगी लागते आणि नेलेली तार पावसाळ्यात झाड पडून तुटते.

ही पद्धत परवडू लागली ती पॅनेलमुळे जितकी, तितकीच दिव्यामुळे. पूर्वीच्या सौर कंदिलांत छोटी ट्यूब असे आणि ती बरीच वीज खाई. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी निळा एलईडी साध्य केल्यावर (२०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यासाठीच मिळाले) त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा लेप देऊन पांढरा उजेड मिळू लागला. आज तीन वॅटचा दिवा सुमारे ३०० ल्यूमेन प्रकाश देतो. वातीच्या चिमणीचा उजेड १० ल्यूमेनच्या आसपासच असतो, आणि वर काजळी व धूर.

तीन वॅटचे तीन दिवे पाच तास लावले तर ४५ वॅट-तास वीज लागते. १२ व्होल्ट, २० अँपिअर-तासाच्या शिसे-आम्ल बॅटरीत २४० वॅट-तास मावतात. परंतु ती निम्म्याहून अधिक उतरवत राहिल्यास लवकर खराब होते, म्हणून हाती येतात ते १२०, म्हणजे अडीच रात्रींचा साठा. अथणी-रायबागकडच्या कोरड्या हवेत एवढा पुरतो. कणकुंबीकडे जुलैत आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही, आणि दाट ढगांखाली पॅनेलचे उत्पादन पाचव्या हिश्श्याच्याही खाली जाऊ शकते. तेथे पॅनेल मोठे घ्यावे लागते, किंवा पावसाळ्यात स्वयंपाकघरातला एकच दिवा लावून भागवावे लागते. विक्रेत्याने उन्हाळ्याचा हिशेब सांगून संच गळ्यात मारला की पहिल्याच आषाढात घरचे लोक ‘प्लेट बिघडली’ म्हणतात. बिघडलेला असतो तो हिशेब.

पॅनेल दक्षिणेकडे सुमारे १५ अंश कलते ठेवतात. मे ते ऑगस्टच्या आरंभापर्यंत येथे माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेस असतो, त्यामुळे अधिक कल देऊन पावसाळ्यात काही साधत नाही. फणसाच्या एका फांदीची सावली मात्र महागात पडते, कारण पॅनेलमधील घट (सेल) एकामागोमाग जोडलेले असल्याने थोड्या सावलीनेही पुष्कळ वीज घटते.

संचाची किंमत एकरकमी देणे हीच बहुतेक देशांत मुख्य अडचण ठरली. केनियात मोबाइलवरून रोजचे लहान हप्ते भरण्याची पद्धत रुजली. कर्नाटकात हरीश हांडे यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या ‘सेल्को’ या सौर कंपनीने बँककर्ज आणि जवळपासचा दुरुस्ती करणारा माणूस या दोहोंवर भर दिला. दुसरी गोष्ट घाटात अधिक मोलाची आहे. दमट हवेत बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरा थर साचतो. तो गरम पाण्याने धुऊन व्हॅसलीन लावण्याचे काम पाच मिनिटांचे असते, पण ते ठाऊक नसल्यास चांगली बॅटरी भंगारात जाते. तार आलेल्या घरांतही जुना संच बहुधा काढत नाहीत: दिवा गोठ्यात जातो, आणि करंट गेला की घरात परत येतो.