सहल ठरवण्याआधी शाळेचं हँडबुक उघडा
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक, शैक्षणिक वर्ष २०२६-२७)

सप्रेम नमस्कार.

जून लागला की आमच्या दादरच्या सहलींच्या ऑफिसात एक प्रश्न रोज येतो: "दिवाळीची सुट्टी कधीपासून लागतेय?" विचारतात आईबाबा, आणि उत्तर असतं मुलांच्या दप्तरात, शाळेच्या हँडबुकाच्या पहिल्या काही पानांत. आम्ही अंदाजाने तारीख सांगितली आणि ती चुकली तर तुमची सहल बिघडते, शिवाय आमचे दोन-तीन दिवस तिकिटं फिरवण्यात जातात. म्हणून यंदा हे पत्रक छापलं. घरात पाचवीच्या पुढचं मूल असेल तर कृपया शेवटपर्यंत वाचा. लहान शिशूतल्या मुलांच्या आईबाबांनी पहिलं पान वाचून ठेवून दिलं तरी चालेल, त्यांची वेळ पुढे येणारच आहे.

सगळ्या शाळांची सुट्टी एक नसते

माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे रविवार सोडून वर्षाला जास्तीत जास्त ७६ सुट्ट्या देता येतात आणि कामाचे किमान २३० दिवस भरावे लागतात. पण त्या ७६ सुट्ट्या कशा वाटायच्या यात शाळेला थोडी मोकळीक आहे. उन्हाळ्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीतले काही दिवस कमी करून ते शिक्षण खात्याच्या परवानगीने गणपतीला किंवा नाताळला देता येतात. त्यामुळे एका शाळेला गणपतीचे पाच दिवस मिळतात, पलीकडच्या गल्लीतल्या कॉन्व्हेंटला दीडच दिवस मिळतो, पण तिची नाताळची सुट्टी लांब असते. शेजाऱ्यांच्या मुलाला सुट्टी लागली म्हणजे आपल्यालाही लागली असेल, हे गृहीत धरू नका.

यंदा आणखी एक गोष्ट आहे. अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सण पुढे गेले आहेत. गेल्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला बसले होते, यंदा १४ सप्टेंबरला बसतील. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. गेल्या वर्षीची तारीख डोक्यात ठेवून आलात तर जवळजवळ तीन आठवड्यांची चूक होईल.

दोन भावांची कुटुंबं एकत्र निघणार असतील आणि एका घरी सीबीएसई, दुसऱ्या घरी राज्य मंडळ असेल, तर सगळ्यात जपून. सीबीएसईचं वर्ष एप्रिलच्या सुरुवातीला चालू होतं आणि एप्रिलभर शाळा भरते. राज्य मंडळाची मुलं एप्रिल अखेरपर्यंत परीक्षेत आणि निकालात अडकलेली असतात. दोघंही खरोखर मोकळे असतात ते मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून महिनाअखेरपर्यंत. नागपूर-अमरावतीची भावंडं बरोबर असतील तर त्यांना घाई नसते, उन्हामुळे विदर्भातल्या शाळा आपल्यानंतर आठवडाभराने उघडतात. परत यायची तारीख मुंबईच्या मुलांवर ठरते.

शेवटच्या पेपरच्या रात्रीची गाडी

आता मुख्य मुद्दा. आमच्याकडे बिघडलेल्या बहुतेक कौटुंबिक सहलींचं कारण हे एकच आहे. वेळापत्रकात शेवटचा पेपर शुक्रवारी असतो आणि घरचे म्हणतात, "पेपर टाकून आला की रात्रीची गाडी धरू, एक दिवस वाचेल." हा वाचवलेला दिवस फार महाग पडतो.

मुंबईत पेपर पुढे जायला फार मोठं कारण लागत नाही. १९ ऑगस्ट २०२५ ला पावसामुळे महापालिकेने शाळांना सुट्टी दिली. त्या दिवशी ज्यांची घटक चाचणी होती त्यांचा पेपर बहुतेक शाळांत वेळापत्रकाच्या शेवटाला गेला, म्हणजे नेमका आपण ज्या दिवशी प्रवासात असणार त्या दिवशी. निवडणुका असल्या की शाळेत मतदान केंद्र येतं, शिक्षकांना ड्युटी लागते, पुन्हा तेच. आणि लेखी पेपर संपले म्हणजे परीक्षा संपली असंही नाही. तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिकं, वह्या तपासून घेणं, काही शाळांत चित्रकलेचा आणि पीटीचा पेपरसुद्धा मागाहून असतो. वेळापत्रकाच्या कागदावर खाली बारीक अक्षरात "तोंडी परीक्षा वर्गशिक्षक कळवतील" अशी एक ओळ असते. ती ओळ वाचल्याशिवाय गाडीची तारीख सांगू नका.

एप्रिल २०२५ मधलं एक कुटुंब आम्हाला अजून आठवतं. मुलगी आठवीत. दरवर्षी १० एप्रिलच्या आसपास शाळा मोकळी करते, या हिशेबाने त्यांनी आमच्याकडून १२ तारखेची केरळची सहल घेतली. तिकिटं काढून झाल्यावर राज्याचं वेळापत्रक आलं: पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा ८ ते २५ एप्रिल या काळात. त्यात आठवीची वार्षिक परीक्षा आता नुसती नावापुरती राहिलेली नाही. मुलीच्या आई आमच्या समोरच्या खुर्चीत बसून मोबाईलवरचं ते वेळापत्रक बोटांनी मोठं करकरून बघत होत्या, जणू नीट बघितलं तर तारीख बदलेल. रेल्वेचे पैसे कापून परत आले. मुन्नारच्या हॉटेलने तारीख बदलून दिली. हाऊसबोटवाल्याने अॅडव्हान्स परत दिला नाही. शेवटी ते मे महिन्यात गेले, वाढीव दराने. तो फरक भरताना त्यांना जितकं वाईट वाटलं तितकंच आम्हालाही वाटलं, कारण फेब्रुवारीत आम्हीच आग्रहाने विचारायला हवं होतं.

तेव्हापासून आम्ही एक नियम केला आहे. शेवटचा पेपर आणि निघण्याचा दिवस यांत किमान दोन पूर्ण दिवस मोकळे ठेवल्याशिवाय आम्ही बुकिंग घेत नाही. काही ग्राहकांना हा हेकटपणा वाटतो. "आमचं आम्ही बघू" म्हणून काही जण दुसरीकडे गेले, तेही आम्ही स्वीकारलं. पण त्या दोन दिवसांत कपडे धुऊन होतात, बॅगा भरून होतात, आणि पेपर पुढे गेलाच तर मूल स्वतःच्या बाकावर असतं.

हजेरीचा हिशेब

"७५ टक्के हजेरी लागते ना, मग २५ टक्के दांडी चालते," हे वाक्यही आम्ही वरचेवर ऐकतो. दहावी-बारावीच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते, हे राज्य मंडळ आणि सीबीएसई दोन्हीकडे खरं आहे. २३० दिवसांचे २५ टक्के म्हणजे ५७ दिवस होतात, आणि आकडा ऐकून माणूस निर्धास्त होतो. पण त्याच ५७ दिवसांत मुंबईचा सगळा पावसाळा बसवायचा असतो. डेंग्यू झाला की दोन आठवडे गेले. रूळांवर पाणी साचलं, लोकल बंद पडली, तो दिवस गेला. दहावीचं वर्ष तर सराव परीक्षांमुळे जानेवारीतच आटपतं, म्हणून हजेरी मोजण्याचे दिवसही कमी होतात. सीबीएसईत कमी पडलेली हजेरी आजारपण किंवा राष्ट्रीय पातळीवरच्या खेळांसारख्या कारणांनी, कागदपत्रं दाखवून माफ होऊ शकते. मनालीची सहल त्या कारणांत बसत नाही.

हजेरीपेक्षा जास्त नुकसान गुणांचं होतं. राज्य मंडळाच्या दहावीत लेखी ८० आणि अंतर्गत २० गुण असतात. हे २० गुण वर्षभरात, ज्या त्या दिवशी वर्गात बसून मिळवायचे असतात. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला येतात. इंटरमिजिएटच्या श्रेणीप्रमाणे दहावीला ७, ५ किंवा ३ गुण वाढीव मिळतात. शिष्यवृत्ती परीक्षा फेब्रुवारीत असते. या तारखा शाळेच्या सुट्ट्यांच्या यादीत नसतात, म्हणून आम्ही त्या वेगळ्या विचारतो. विचारल्याचा राग मानू नका.

नववीतून दहावीत जाणाऱ्या मुलांची उन्हाळ्याची सुट्टी अर्धीच समजा. बऱ्याच शाळा आणि क्लास एप्रिल-मेमध्येच दहावीचा भाग सुरू करतात. मोठी सहल आठवीच्या सुट्टीत करून घ्या, हा आमचा मनापासूनचा सल्ला आहे.

रजा घ्यावीच लागली तर

लग्नकार्य असतं, आजीची पंच्याहत्तरी असते, परदेशातला भाऊ दहाच दिवसांसाठी आलेला असतो. तेव्हा रजा घ्यावी लागते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. निघण्याच्या आठवडाभर आधी वर्गशिक्षिकेला भेटा आणि मुख्याध्यापकांच्या नावाने साधा अर्ज द्या:

"माझी मुलगी, इयत्ता ७ वी ब, दि. … ते दि. … या काळात कौटुंबिक कारणाने बाहेरगावी असल्यामुळे शाळेत येऊ शकणार नाही. बुडालेला अभ्यास ती पूर्ण करील. कृपया रजा मंजूर करावी."

खाली पालकांची सही, एक झेरॉक्स स्वतःजवळ, आणि हँडबुकातलं गैरहजेरीचं पानही भरा. अर्ज आधी दिला की शाळा बहुतेक वेळा समजून घेते. परत आल्यावर कारण सांगायला गेलं की प्रत्येकालाच अवघड होतं.

आजारपणाचा दाखला मात्र आमच्याकडे मागू नका. दरवर्षी दोन-तीन जण विचारतात, "ओळखीचे डॉक्टर आहेत का?" आम्ही ते करत नाही. तो खोटा ताप शेवटी मुलालाच वर्गात उभं राहून सांगावा लागतो, आणि बाईंनी तोवर बर्फातले फोटो पाहिलेले असतात.

परदेशी जाणार असाल तर काही व्हिसांसाठी शाळेचं बोनाफाईड आणि रजेला हरकत नसल्याचं पत्र लागतं. मे महिन्यात शाळेचं ऑफिस थोडाच वेळ उघडं असतं, म्हणून हे कागद एप्रिलमध्येच घ्या. मुलांचा पासपोर्ट बहुधा पाचच वर्षांचा असतो, त्याची तारीखही त्याच वेळी बघा.

तिकिटांच्या तारखा

रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. म्हणजे गणपतीला गावी जायला १२ सप्टेंबरची गाडी हवी असेल तर १४ जुलैला सकाळी ८ वाजता बसायचं. दिवाळीत भाऊबीज आटपून १२ नोव्हेंबरला निघणार असाल तर आरक्षण १३ सप्टेंबरला उघडेल, म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशी. त्या सकाळी घरात मखराची, मोदकांच्या पिठाची धांदल असणार, तेव्हा फोनमध्ये गजर आत्ताच लावून ठेवा.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आरक्षण उघडल्यावर पहिली १० मिनिटं आम्हा एजंटांना तिकीट काढता येत नाही, आणि कोकणच्या गाड्या तेवढ्या वेळात भरतात. म्हणून गर्दीच्या दिवसांची तिकिटं तुमच्याच, आधार जोडलेल्या आयआरसीटीसी खात्यावरून काढा. आम्ही आदल्या दिवशी प्रवाशांची नावं, वयं, गाडीचे दोन पर्याय तयार करून देतो आणि त्या वेळी फोनवर तुमच्याबरोबर असतो. याचे पैसे घेत नाही. बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना पूर्ण भाडं पडतं, त्याखालच्यांनाही स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्णच. ओळखपत्र म्हणून शाळेचं फोटो असलेलं कार्ड चालतं.

मे महिन्याचे दर जास्त का, असं विचारतात. सगळा भारत तेव्हाच निघतो, आणि हॉटेलवाले आमच्याकडून पूर्ण अॅडव्हान्स आधी घेतात. आमचं कमिशन बारा महिने तेवढंच असतं. दर कमी हवा असेल तर भाऊबीजेनंतरचा आठवडा घ्या. शाळा बंद असते, ताडोबाचं कोअर जंगल १ ऑक्टोबरपासून उघडलेलं असतं (मंगळवारी बंद), थंडी सुरू झालेली असते. छोटी सहल हवी असेल तर यंदा गांधी जयंती शुक्रवारी आहे. छत्रपती संभाजीनगरला तीन दिवस जाता येईल. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतात, त्यामुळे शुक्र-शनि-रविवारी दोन्ही बघायला मिळतात. तेव्हा परीक्षा नाही ना, एवढं हँडबुकात बघा.

१५ ऑगस्ट यंदा शनिवारी आहे. बऱ्याच शाळा झेंडावंदनाची हजेरी घेतात. मुलं झेंडावंदन करून गणवेशातच येतात आणि आम्ही दहा वाजता शाळेच्या फाटकावरून गाडी सोडतो. गेल्या वर्षी अशा चार गाड्या लोणावळा आणि नाशिककडे गेल्या, यंदाही सोय आहे.

ऑफिसात येताना हँडबुकातल्या तीन पानांचे फोटो आणा: सुट्ट्यांची यादी, परीक्षांचं वेळापत्रक आणि ओपन हाऊसच्या (पालक-शिक्षक भेटीच्या) तारखा. दोन मुलं दोन शाळांत असतील तर दोघांची पानं. शनिवारी दुपारी आलात तर मुलांनाही घेऊन या, तोंडी परीक्षा कधी आहे ते त्यांना पक्कं माहीत असतं.