नऊ मायक्रॉनची वाट

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मशीन शॉपमध्ये कुणाला मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, समजावून सांगावा लागत नाही. बोअर (जॉबमधलं भोक) दहा मायक्रॉनने मोठा झाला तर जॉब रिजेक्ट होऊ शकतो, हे तिथल्या नव्या पोरालाही ठाऊक असतं. सिंगल मोड फायबरच्या, म्हणजे प्रकाशातून डेटा नेणाऱ्या काचतंतूच्या एका जातीच्या, सगळ्या अडचणी याच मापातल्या आहेत.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत जुनी मल्टिमोड केबल काढून सिंगल मोड टाकण्याचं काम मला जवळून पाहायला मिळालं. ऑफिसपासून भट्टीपर्यंत चारएकशे मीटर अंतर, आणि जमिनीखालच्या पाइपात फार वर्षांपूर्वीची नारिंगी मल्टिमोड केबल. तिचा प्रकाश वाहणारा काचेचा गाभा ६२.५ मायक्रॉनचा. सेकंदाला १०० मेगाबिटपर्यंत तिने निमूट काम केलं. पुढे कॅमेरे आले, मशीनचा डेटा आला. या जातीच्या केबलवर नेहमीच्या मल्टिमोड मॉड्यूलने (प्रकाश पाठवणाऱ्या-घेणाऱ्या भागाने) १ गिगाबिटचा वेग जास्तीत जास्त २७५ मीटरपर्यंत मिळतो, १० गिगाबिटचा तर जेमतेम ३३ मीटर.

असं का होतं? रुंद गाभ्यातून प्रकाश शेकडो वाटांनी धावतो. कोल्हापुरातून जोतिबाला चालत निघालेली माणसं एकाच वेळी निघाली तरी कुणी डांबरी रस्त्याने, कुणी पायवाटेने जातं आणि वर मागेपुढे पोचतं. डेटा प्रकाशाच्या ठोक्यांनी जातो, आणि असा ठोकाही तसाच पसरतो आणि मागून येणाऱ्या ठोक्यात मिसळतो. सिंगल मोडचा गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा. १३१० किंवा १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला त्यात एकच वाट उरते. शिवाय गळती फार कमी. मल्टिमोडमध्ये ८५० नॅनोमीटरचा प्रकाश किलोमीटरभरात साधारण निम्मा होतो, सिंगल मोडमध्ये १५५० चा प्रकाश निम्मा व्हायला १५ किलोमीटर लागतात.

केबल महाग नाही. सिंगल मोडची काच बऱ्याचदा चांगल्या मल्टिमोडपेक्षा स्वस्तच पडते. खर्च आणि डोकेदुखी दोन्ही टोकांना असते. स्विचमधले मॉड्यूल बदलायचे, पिगटेल (केबलच्या टोकाला जोडायचे कनेक्टरवाले तुकडे) बदलायचे, केबलपासून स्विचपर्यंतच्या छोट्या वायरी, म्हणजे पॅच कॉर्डही बदलायच्या. जुन्यातलं काही चालवून घेऊ म्हणायची सोय नाही. इथे नेमकं तेच झालं. रॅकच्या मागे एक जुनी नारिंगी पॅच कॉर्ड राहून गेली. अरुंद गाभ्यातून रुंद गाभ्यात प्रकाश आरामात जातो. उलट दिशेने मात्र ६२.५ मधून ९ मध्ये शिरताना जेमतेम पन्नासावा हिस्सा आत जातो, कारण क्षेत्रफळातच ४८ पट फरक आहे. म्हणजे एका बाजूने सगळं ठीक दिसतं, दुसरी बाजू मुकी. दोन तास मॉड्यूलवर संशय घेण्यात गेले.

त्यात जुनी युक्तीही कामाची राहिली नाही. मल्टिमोडच्या टोकावर मोबाइलचा कॅमेरा धरला तर बऱ्याचदा फिकट उजेड दिसतो. कॅमेऱ्याचा सेन्सर सिलिकॉनचा असतो, आणि साधारण ११०० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश सिलिकॉनला दिसतच नाही. त्यामुळे सिंगल मोडचं टोक अंधारं दिसलं म्हणून ते बंद आहे असं समजू नये आणि त्यात डोळा तर मुळीच घालू नये. प्रकाश मोजणारं पॉवर मीटर लावूनच बघायचं.

जोडणीत गाभे चार मायक्रॉनने सरकले तरी निम्म्याच्या आसपास प्रकाश गेला. मल्टिमोडला एवढं सरकणं फारसं कळतही नाही. धुळीचंही तसंच. ९ मायक्रॉनचा एक कण मधोमध बसला की अख्खी वाट बंद, आणि फाउंड्रीत कणांना काय तोटा! साच्याची वाळू आणि फायबरची काच दोन्ही मुळात सिलिकाच, त्यामुळे तो कण घासला की टोकावर ओरखडाच उठतो. मी सवयीने टोकावर फुंकर मारायला गेलो तर जॉइंट मारणारा माणूस म्हणाला, “साहेब, फुंकर मारू नगासा, वाफ बसतीय त्यावर.” त्याने खास पुसणीने टोक पुसलं, सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, मगच लावलं. टोपण काढल्यापासून टोक बसवेपर्यंत त्याचं लक्ष हललं नाही.

या काचेचा इतिहासही शुद्धतेचाच आहे. चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ मध्ये दाखवलं, की काचेतली गळती प्रामुख्याने लोखंडासारख्या धातूंच्या अशुद्धतेमुळे होते. ती काढली तर काच दूरवर प्रकाश नेईल. १९७० मध्ये कॉर्निंगच्या संशोधकांनी तसा तंतू बनवला. काओंना २००९ मध्ये नोबेल मिळालं. लोखंड ओतणाऱ्या शेडमधून तीच काच न्यायची, हे मला सारखं जाणवत होतं.

आणखी दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. घरच्या इंटरनेटला येणारं हिरवं कनेक्टर आठ अंशात तिरकं घासलेलं असतं, निळं तसं नसतं. हिरवं निळ्याला जोडलं की मध्ये फट राहते. दुसरं, ४० किंवा ८० किलोमीटर पल्ल्याचं मॉड्यूल मिळालं म्हणून चारशे मीटरवर लावू नये. प्रकाश इतका तीव्र येतो की समोरचा रिसीव्हर दिपून जातो.

पाइपात दोन केबलना जागा नव्हती. म्हणून सुट्टीच्या दिवशी जुनीच्या शेपटाला नवी बांधून ओढली. चार तंतूंची गरज होती, तरी बारा तंतूंची केबल टाकायला लावली. खोदकाम पुन्हा कोण करणार? संध्याकाळी तंतू जोडणाऱ्या स्प्लायसिंग मशीनमध्ये ठिणगी पडली, दोन टोकं वितळून एक झाली, आणि पडद्यावर गळतीचा आकडा आला, ०.०२ डेसिबल, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. जॉइंट मारणाऱ्याने त्यावर नळी चढवली आणि पुढचा तंतू सोलायला घेतला.