हरताळ फासलेलं पान

‘सगळ्या कष्टांवर हरताळ फासला’ असं आपण सर्रास म्हणतो. तो हरताळ प्रत्यक्ष पाहिला मात्र पहिल्यांदाच, नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात. हे वाचनालय १८४० सालचं.

लाल फडक्यातून पोथी निघाली. सुटी, आडवी पानं. काळ्याभोर ओळीत मध्येच नखाएवढा पिवळा ठिपका आणि त्यावर पुन्हा अक्षर. लिहिताना चुकलं की लेखनिक हरताळ कालवून त्यावर फिरवायचा, वाळला की वर नीट लिहायचा. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचं पिवळंधमक खनिज. विषारी, म्हणून कसर लागू नये यासाठी कुठे कुठे अख्खा कागदच त्याने रंगवत. पान उलटायला बोट जिभेकडे नेण्याची माझी जुनी खोड. त्या दिवशी हात खिशातच ठेवला.

शाई काजळी आणि डिंकाची. काजळी म्हणजे बहुतांशी कार्बन. उन्हाने विटत नाही, हवेने गंजत नाही. युरोपात हिराकस, म्हणजे लोहाचा एक क्षार, आणि ओकच्या झाडावरच्या गाठी वापरून शाई करत. ती कागदात मुरते, पण तिच्यातलं आम्ल आणि लोह पुढे कागदालाच खातं. आपली शाई कागदाला खात नाही, फक्त पाण्याला भिते: डिंक विरघळला की अक्षर पसरलं. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पुराचं पाणी मोजणाऱ्या गावात ही भीती काही लहान नाही.

कागद हातचा. जुन्नर, दौलताबादकडे असा कागद बनायचा. चिंध्या, तागाचे तुकडे कुटून लगदा, वर खळ, मग दगडाने घोटाई. चिंध्यांत लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य, जवळपास नसतंच. आमच्या घरची १९३५ची छापील पोथी याहून कितीतरी तरुण, पण तिची पानं पापडासारखी मोडतात. तो लाकडाच्या लगद्याचा कागद. त्यातल्या लिग्निनने तो पिवळा पडतो आणि शाई फुटू नये म्हणून घातलेल्या तुरटीमुळे आम्ल तयार होऊन तंतू तुटत जातात. स्वस्त कागदाने पुस्तकं घरोघरी पोचवली हे खरं, पण टिकण्याचं गणित तिथेच बिघडलं.

पोथी परत बांधायला मीच घेतली. “सैल नको हो,” ग्रंथपालबाई म्हणाल्या, “दमट हवा शिरली की पानं वाकतात, मग कसरीला फावतं.” माझ्या हातून फडकं घेऊन त्यांनी तीन वेढे दिले आणि गाठ आवळली.